आयफेल टॉवर जळगावात उभा केला तर

पॅरिसहून परतल्यावर बहुतेकांनी फोटो बघितले, खर्च विचारला, खाण्यापिण्याचे हाल झाले का ते विचारलं. नेमका प्रश्न विचारला तो आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी: "वरथून कितलं लांब दिखस रे भाऊ?" आयुष्यभर शेत कसलेल्या माणसाला नजर कुठवर पोचते याची पारख असते. आयफेल टॉवरबद्दल याहून चांगला पहिला प्रश्न मला सुचत नाही, कारण त्याचं उत्तर पॅरिसवर अवलंबूनच नाही. ते पृथ्वीच्या आकारावर अवलंबून आहे.

हिशेब सोपा आहे. आपले डोळे जमिनीपासून किती मीटर उंच आहेत त्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला ३.५७ ने गुणायचं. जे उत्तर येईल तितके किलोमीटर लांब आपलं क्षितिज. सपाट, मोकळ्या शेतात उभ्या माणसाचं क्षितिज साडेचार किलोमीटरवर संपतं. तोच माणूस घराच्या धाब्यावर चढला की ते आठच्या पुढे जातं. आयफेलचा सर्वांत वरचा मजला २७६ मीटरवर आहे. तिथून क्षितिज सुमारे ६० किलोमीटरवर. हवेतून येताना प्रकाश किंचित वाकतो, त्यामुळे त्यात आणखी चार-पाच किलोमीटरची भर पडते. दुसरा मजला ११५ मीटरवर, तिथून अंतर भरतं ३८ किलोमीटर. म्हणजे उंची जवळजवळ अडीचपट झाली तरी नजर दीडपटच लांबली. दुप्पट लांबचं बघायचं तर चौपट उंच चढावं लागतं.

आता तोच टॉवर जळगावात उभा करू आणि सोयीसाठी भोवतालची जमीन सपाट धरू. पूर्वेला भुसावळ, मुक्ताईनगर, रावेर. पश्चिमेला एरंडोल, पारोळा, अमळनेर. तापीपलीकडे यावल आणि चोपडा, एवढा सगळा मुलूख त्या वर्तुळात बसतो. धुळे मात्र बसत नाही. ते ८० किलोमीटरच्या पुढे आहे, पृथ्वीच्या फुगवट्याआड. डोंगरांचं गणित वेगळं, कारण त्यांची स्वतःची उंचीही आपल्या नजरेच्या मदतीला येते. पाऊस संपून हवा धुतली गेली की आपल्या शिवारातून सातपुड्याची निळी रांग दिसते आणि तिच्या अलीकडचं गाव दिसत नाही, ते झाडाझुडपांमुळे जसं, तसंच या गोलाईमुळेही.

क्षितिजाचा विषय निघाला की मला चाळीसगावजवळचं पाटण आठवतं. पाटणादेवीच्या परिसरात इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केला, त्याची ही नोंद. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. त्या मठात शिकवला जायचा तो 'सिद्धान्तशिरोमणि', आणि त्यातल्या गोलाध्यायात एक प्रश्न सोडवलेला आहे: पृथ्वी गोल आहे तर सपाट का दिसते? भास्कराचार्य सांगतात की कोणत्याही परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो. पृथ्वी प्रचंड, माणूस इवलासा, म्हणून त्याला ती सपाट वाटते.

हे विधान आयफेलवर तपासून बघण्यासारखं आहे. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, त्याचा शंभरावा भाग ४००. टॉवरच्या टोकावरून जे वर्तुळ दिसतं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत १२० किलोमीटरचं. भास्कराचार्यांच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी! म्हणूनच एवढ्या उंचीवर जाऊनही पृथ्वीची गोलाई डोळ्यांना जाणवत नाही. आमच्या खान्देशातल्या मठात आठशे वर्षांपूर्वी मुलं जे शिकत होती ते पॅरिसच्या माथ्यावर उभं राहून पडताळता येतं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

गोलाईची एक खूण मात्र तिथे मोजता येते. क्षितिज डोळ्यांच्या बरोबर समपातळीत नसतं, साधारण अर्ध्या अंशाने खाली झुकलेलं असतं. हात लांब करून करंगळी धरली तर तिच्या जाडीच्या निम्मं. सूर्याचं बिंबही आकाशात नेमकं एवढंच, अर्ध्या अंशाचं दिसतं. त्यामुळे मध्ये इमारती नसत्या तर पायथ्याशी उभ्या माणसाचा सूर्य पूर्ण मावळतो त्या क्षणी टोकावरच्या माणसाला त्याची खालची कड नुकती क्षितिजाला टेकलेली दिसली असती. टॉवर चढल्याचे बक्षीस म्हणजे दिवसाची किमान तीन मिनिटं जास्त. शक्य असेल तर तिकीट संध्याकाळचंच काढा.

वर जाताना दुसऱ्या मजल्यापर्यंत जिने आहेत, ६७४ पायऱ्या. गुडघे साथ देत असतील तर जिन्याने जावं, असं माझं मत आहे, कारण लिफ्टमधून लोखंड नीट बघायला मिळत नाही. पुढे टोकापर्यंत लिफ्टशिवाय पर्याय नाही. बऱ्याच मोबाइलमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. खाली एकदा आणि वर एकदा बघितलं तर आकडा तीन टक्क्यांहून थोडा जास्त उतरलेला दिसतो. शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढताना कानाला दडे बसतात, त्याचीच ही लहान आवृत्ती.

जिन्यावरून जवळून दिसतात ते रिव्हेट. वाटीच्या आकाराच्या गोल डोक्यांच्या रांगाच्या रांगा, रंगाच्या थरांनी गुळगुळीत झालेल्या. टॉवरचे १८,०३८ सुटे भाग असे २५ लाख रिव्हेटनी जोडले आहेत. चार जणांची टोळी असायची: एक जण रिव्हेट लालबुंद तापवणार, दुसरा तो भोकात धरून ठेवणार, तिसरा दुसऱ्या बाजूला डोकं घडवणार, चौथा घण मारणार. रिव्हेट निवताना आखडतो आणि दोन्ही पत्रे एकमेकांवर घट्ट आवळतो. ज्यांनी लोहाराला बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिलं आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. गोवऱ्यांच्या जाळात धाव तापवायची, फुगली की लाकडी चाकावर बसवायची, पाणी मारायचं, आणि निवताना ती सगळे आरे जागच्या जागी आवळून धरते. विज्ञान तेच.

लोखंडाचा हाच गुण टॉवरला दिवसभर हलवत ठेवतो. एक मीटर लोखंड एका अंशाने तापलं की मीटरच्या साधारण १२ दशलक्षांश भागाने वाढतं. ऐकायला क्षुल्लक, पण लांबी ३०० मीटर आहे. हिवाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत तिथे १०-१५ सेंटिमीटरचा फरक पडतो. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याला हात लावता येत नाही. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांवर असलेलं लोखंड मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात ६० वर गेलं तर जळगावचा टॉवर १८ सेंटिमीटर वाढला असता. भुसावळच्या यार्डात उन्हाळ्यात रुळांवर बारीक नजर ठेवतात ती याच कारणाने. रूळ वाढणारच, त्याला जागा मिळाली नाही तर तो वाकतो.

त्यातही ऊन एकाच बाजूला लागतं. ती बाजू लांबते आणि टॉवरचं टोक सूर्यापासून दूर झुकतं. सूर्य सरकेल तसं टोकही सरकतं आणि दिवसभरात हवेत सुमारे १५ सेंटिमीटरचं वर्तुळासारखं वळण काढतं. वाऱ्याने ते इतकं हलत नाही. एरंडोल तालुक्यातल्या फरकांड्याचे झुलते मनोरे एकाला हलवलं की दुसरा हलायचा म्हणून प्रसिद्ध. पॅरिसचा हा मनोरा उन्हाने झुलतो, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

वाऱ्याचा बंदोबस्त त्याच्या आकारातच केलेला आहे. मूळ कल्पना मॉरिस केश्लँ आणि एमिल नुगिए या अभियंत्यांची. चार पायांच्या कडा खालून वर जशा वळत जातात तो वळसा सौंदर्यासाठी काढलेला नाही, वाऱ्याच्या जोराचं गणित मांडल्यावर तो आपोआप आला. जाळीदार असल्यामुळे वाऱ्याला अडायला जागाच कमी. सगळं लोखंड ७,३०० टन. टॉवर बरोबर आत मावेल असं एक दंडगोल कल्पलं तर त्यातल्या हवेचं वजन या लोखंडापेक्षा जास्त भरतं! हा आकडा मी स्वतः कागदावर मांडून बघितला. दंडगोलाची त्रिज्या ८८ मीटर आणि एक घनमीटर हवा सव्वा किलोच्या जवळपास, एवढं धरून कोणीही करून बघावा.

हा टॉवर १८८९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारला गेला आणि परवानगी होती फक्त २० वर्षांची. १९०९ नंतर तो उतरवायचा होता. गुस्ताव आयफेल यांना तो वाचवायचा होता आणि त्यांनी वाट निवडली विज्ञानाची. माथ्यावर हवामानाच्या नोंदी सुरू केल्या. दुसऱ्या मजल्यावरून तारेच्या आधाराने निरनिराळ्या आकारांच्या वस्तू खाली सोडून हवेचा रोध मोजला, पुढे पायथ्याशी वाऱ्याचा बोगदा, म्हणजे वस्तूंवर जोराचा वारा सोडून बघायची सोय, बांधला. विमानविद्येच्या बाल्यावस्थेतले हे महत्त्वाचे प्रयोग. भौतिकशास्त्रज्ञ लुई कायेते यांनी टॉवरच्या उंचीइतकी पाऱ्याची नळी लावून हवेच्या नेहमीच्या दाबाच्या ४०० पटींपर्यंतचा दाब मोजण्याचं यंत्र बसवलं. ५ नोव्हेंबर १८९८ रोजी युजेन द्युक्रते यांनी टॉवरवरून चार किलोमीटरवरच्या पँथिऑन या घुमटाच्या इमारतीकडे बिनतारी संदेश पाठवला. बिनतारी यंत्रणेला उंच खांब हवाच होता. १९१० मध्ये मुदत ७० वर्षांनी वाढली.

त्याच वर्षी, मार्च महिन्याच्या अखेरीस, थिओडोर वुल्फ नावाचे जर्मन धर्मगुरू टॉवरवर आले. नेदरलँड्समधल्या व्हाल्केनबुर्ख गावी ते भौतिकशास्त्र शिकवायचे. आपण बनवलेला इलेक्ट्रोस्कोप, म्हणजे विद्युतभार दाखवणारं उपकरण, त्यांनी सोबत आणला होता. त्या काळी एक कोडं होतं: बंद डब्यातली हवासुद्धा आपोआप थोडी विद्युतभारित होते, हे कोण करतं? जमिनीतली किरणोत्सारी द्रव्यं, असं बहुतेकांचं म्हणणं. तसं असेल तर वर जाताना हा परिणाम झपाट्याने घटायला हवा. दर ८० मीटरला निम्मा. ३०० मीटरवर जवळजवळ काहीच उरू नये. वुल्फ यांना जमिनीवर दर सेकंदाला घनसेंटिमीटरमागे ६ आयन (विद्युतभारित कण) मिळाले आणि माथ्यावर साडेतीन.

साडेतीन! एवढे यायला नको होते. मग ते आले कुठून, वरून? या प्रश्नाचा पाठपुरावा व्हिक्टर हेस यांनी केला. ७ ऑगस्ट १९१२ रोजी ते बलूनमधून पाच किलोमीटरच्या वर गेले आणि तिथे हा परिणाम जमिनीपेक्षा कितीतरी जास्त आढळला. किरणं अवकाशातून येतात हे ठरलं. आज त्यांना आपण वैश्विक किरण म्हणतो. हेस यांना १९३६ मध्ये नोबेल मिळालं. एका शिक्षकाने स्वतःच्या हाताने केलेलं उपकरण घेऊन, लोक मजेसाठी चढतात त्या मनोऱ्यावर बसून केलेलं हे मोजमाप मला आयफेलच्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे वर्गात जरूर सांगावं.

खाली उतरलं की पहिल्या मजल्याच्या खालच्या पट्टीकडे मान वर करून बघा. चारही बाजूंना मिळून ७२ शास्त्रज्ञ-अभियंत्यांची नावं सोनेरी अक्षरांत कोरली आहेत: लाव्हॉजिए, लाप्लास, कूलाँ, अँपिअर, फूको. स्थितिस्थापकतेच्या गणितात मोलाची भर घालणाऱ्या सोफी जेर्मां यांचं नाव मात्र त्या यादीत घेतलं गेलं नाही, आणि ते खटकतं. अशी बांधकामं ज्या गणितावर उभी राहतात त्यात त्यांचा वाटा आहे.

समोरच्या शाँ द मार्सच्या हिरवळीवर पर्यटक चादरी पसरून बसलेले असतात. याच मैदानातून २७ ऑगस्ट १७८३ रोजी जाक शार्ल यांनी हायड्रोजन भरलेलं पहिलं बलून सोडलं. ते गोनेस गावी उतरलं आणि घाबरलेल्या गावकऱ्यांनी शेतातली अवजारं घेऊन ते फाडून टाकलं. नदीपलीकडच्या त्रोकादेरोवरून टॉवर संपूर्ण दिसतो, तिथे फोटोपुरतं थांबलं तरी चालेल. वेळ राखून ठेवावा तो पँथिऑनसाठी.

तिथे घुमटातून ६७ मीटर लांब तारेने लोंबक टांगलेला आहे. १८५१ मध्ये फूको यांनी इथेच २८ किलोचा गोळा झोके घेत सोडला आणि झोक्याची दिशा हळूहळू वळताना लोकांनी पाहिली. झोका आपली दिशा धरून राहू बघतो, खालची जमीन वळते. ध्रुवावर ही दिशा तासाला १५ अंश फिरेल, विषुववृत्तावर अजिबात नाही. मधल्या ठिकाणी १५ ला अक्षांशाच्या साइनने गुणायचं. पॅरिसमध्ये उत्तर ११.३ अंश येतं, पूर्ण फेरा सुमारे ३२ तासांचा. जळगावात तासाला ५.४ अंश, आणि फेऱ्याला पावणेतीन दिवसांहून थोडं अधिक.

हे आपल्याकडे करता येण्यासारखं आहे. जुन्या जिनिंगच्या शेडला किंवा शाळेच्या सभागृहाला दहा मीटर उंची मिळाली तरी पुरे. बारीक पोलादी तार, खाली जड गोळा, आणि वरची टांगणी सगळ्या बाजूंना सारखी मोकळी हवी, नाहीतर झोका लंबगोल फिरू लागतो. गोळा हाताने सोडायचा नाही; सुती दोऱ्याने एका बाजूला बांधून ठेवायचा, तो पूर्ण स्थिर झाला की दोरा काडेपेटीने जाळायचा. फूको यांनीही असंच केलं होतं. झोक्याच्या रेषेवर जमिनीवर खडूची रेघ मारून ठेवावी. तासाभरात झोके लहान झाले तरी त्यांची दिशा घड्याळाच्या काट्यांसारखी उजवीकडे वळलेली दिसेल. मधल्या बिंदूपासून एक मीटर लांब नवी रेघ ओढली तर तिचं टोक जुन्या रेघेपासून सुमारे ९ सेंटिमीटर सरकलेलं भरेल.