फिरत्या चांदणीचं नाव काय?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. रात्री आठच्या सुमारास विदर्भात माणसं अंगणात येऊन वर बघत उभी राहिली. ठिणग्यांची शेपटी सोडत काही जळते गोळे आडवे चालले होते. उल्का म्हणावी, तर ती डोळ्याचं पातं लवेस्तोवर विझते. हे मात्र निवांत निघालेले. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. त्याच दिवशी न्यूझीलंडहून एक रॉकेट उडालं होतं, म्हणून आधी बोट त्याच्याकडे दाखवलं गेलं.

रॉकेटच्या उरलेल्या सांगाड्याने माणसाला चकवण्याची ही पहिली वेळ नव्हे. ४ ऑक्टोबर १९५७ला सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि जगभर लोक गच्च्यांवर जमले. जो ठिपका सरकताना दिसला, त्याला सगळ्यांनी स्पुटनिक म्हटलं. खरा स्पुटनिक ५८ सेंटिमीटरचा गोळा. नुसत्या डोळ्यांना तो जेमतेम दिसला असता. दिसत होता तो त्याच्यामागे कक्षेत फिरणारा रॉकेटचा मोठा टप्पा. पाहुणा म्हणून ज्याला हात केला तो गाडीवानच निघाला, असं काहीसं.

असे ठिपके नेमके टिपायची तयारी आधीच चालू होती. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी ‘मूनवॉच’ नावाने हौशी निरीक्षकांची पथकं उभारली होती. छोट्या दुर्बिणी लावून लोक ओळीने बसत आणि ठिपका कुठून, किती वाजता गेला ते टिपत. पुढे बेकर-नन नावाचे मोठे कॅमेरे जगात बारा ठिकाणी बसले. त्यातला एक आपल्या नैनीतालच्या वेधशाळेत होता. कोणता उजेड कशाचा, हे ओळखायची पद्धत तेव्हापासून बदललेली नाही: दिशा आणि वेळ टिपायची, मग ती ठाऊक असलेल्या कक्षेशी ताडून बघायची.

१९६०चा ‘इको’ उपग्रह म्हणजे ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला ३० मीटरचा फुगाच. तो शोधायला दुर्बीण लागत नसे. उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो, तो उन्हात चमकतो. आपल्याकडे दिवस मावळला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतं, म्हणून संध्याकाळचे पहिले एक-दोन तास आणि पहाटेचा तेवढाच काळ बघण्याचा. पृथ्वीच्या सावलीत शिरला की तो भर आकाशात विझतो. विमान असं विझत नाही. त्याचे लाल-हिरवे दिवे आणि लुकलुक जाईपर्यंत दिसत राहते.

१९९७पासून इरिडियम उपग्रहांनी वेगळीच गंमत आणली. त्यांच्या सपाट अँटेनांवरून ऊन आरशासारखं परावर्तित होई आणि काही सेकंद शुक्रापेक्षाही लखलखीत झोत दिसे. तो कुठून, कोणत्या सेकंदाला दिसेल हे आधी सांगता येई. आम्हा हौशी मंडळींना यजमानांवर छाप पाडायला एवढं पुरे होतं. जुने इरिडियम आता बहुतेक कक्षेतून उतरवले गेले.

मग मे २०१९मध्ये इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे ६० उपग्रह एकदम सुटले आणि दिव्यांची माळच आकाशातून सरकताना दिसली. ही माळ प्रक्षेपणानंतरचे काही दिवसच ठळक असते. पुढे उपग्रह वर चढतात, पांगतात. तरी प्रत्येक नव्या माळेला कुठेतरी ‘उडती तबकडी’ म्हटलं जातंच.

लाडबोरीच्या कड्याचा उलगडाही कक्षांच्या नोंदींतूनच झाला. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी यादी ताडून पाहिली, तेव्हा फेब्रुवारी २०२१मध्ये सुटलेल्या ‘चांग झेंग ३-बी’ या चिनी रॉकेटचा तिसरा टप्पा जुळला. वर्षभराहून अधिक काळ घिरट्या घालून तो त्या संध्याकाळी महाराष्ट्रावरून खाली येत होता.