घरगुती मॅशपात्र

मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, म्हणजे माल्टचा, भरडा गरम पाण्यात ठरावीक तापमानाला मुरवला की त्यातल्या स्टार्चची साखर होते. या क्रियेला मॅशिंग म्हणतात. बाजारचा तयार माल्ट-अर्क न घेता सगळी साखर धान्यातूनच काढण्याची पद्धत म्हणजे ऑल-ग्रेन. घरी बिअर करणारे युरोप-अमेरिकेतले हौशी लोक त्यासाठीची भांडी स्वतःच जुळवतात. महाराष्ट्रात विनापरवाना मद्य तयार करणे हा 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्या हेतूने साधने बाळगणेही त्यातच मोडते. म्हणून इथे वर्णन केलेले पात्र यीस्ट घालण्याआधीच्या गोड माल्टरसापुरते आहे. हा रस उकळून, वेलदोडा घालून प्यायला उत्तम लागतो.

पात्राला कामे दोनच: ऊब धरणे आणि चोथा अडवणे. सातूच्या (जवाच्या) माल्टमधले, स्टार्चची साखर करणारे बीटा-अमायलेज हे विकर (एन्झाइम) 60 ते 65 अंश सेल्सिअसला, तर अल्फा-अमायलेज 68 ते 72 अंशांना जोमाने काम करते. दोघांनाही चालेल असे 66 अंश तासभर टिकवायचे असतात. परदेशात त्यासाठी आइस बॉक्स वापरतात. सोलापुरात लग्नकार्यात थंड पाण्याचे जे जार येतात, ते याच कामाचे: दुहेरी भिंत, घट्ट झाकण आणि तळाशी तोटी. मात्र आतले प्लास्टिक अन्नाला योग्य आणि गरम पाणी सोसणारे आहे याची खात्री हवी. ती नसेल तर जाड बुडाचे स्टीलचे पातेले आचेवरून उतरवून, झाकण लावून सोलापुरी चादरीत गुंडाळावे. जाड सुती विणीची ही चादर दुहेरी घडी करून बुडाखालूनही घ्यावी, कारण थंड फरशी ऊब झपाट्याने ओढून घेते.

चोथा अडवायला मोदकपात्राची भोकांची ताटली तोटीच्या वर बसते. दुसरा उपाय तांब्याच्या नळीचा: नळीला करवतीने आडव्या खाचा पाडून, खाचांची बाजू खाली ठेवून ती तळाशी बसवतात. तोटी करंगळीएवढ्या धारेने सोडावी. पहिले दोन-तीन तांबे रस गढूळ येतो, तो अलगद परत वर ओतावा. सालपटांचा थर बसला की धार काचेसारखी नितळ होते. इथे घाई केली की थर दाबला जातो आणि धार बंद पडते.

किलोला तीन लिटर पाणी धरले आणि धान्य 15 अंशांवर असले, तर 66 अंश मिळवायला पाणी 73 अंशांचे लागते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पोत्यातले धान्यच 35 अंशांवर असते; तिथे 70 पुरतात. परदेशी आकडे जसेच्या तसे घेतले की गणित इथेच चुकते. तापमापी तपासतानाही भान ठेवावे: शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटर उंच असल्याने इथे पाणी साधारण साडेअठ्ठ्याण्णव अंशांना उकळते.

ज्वारीचे तंत्र वेगळे आहे, आणि या जिल्ह्यात खरे महत्त्व तिलाच. मालदांडीचा एम 35-1 हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. ज्वारीचा स्टार्च 70 अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर फुलतो, तर तिची विकरे तेवढ्या उष्णतेत निकामी होऊ लागतात. त्यामुळे भरडा आधी 45 ते 50 अंशांच्या पाण्यात कालवून अर्धा तास निवळू देतात. वरचे विकरांचे पाणी काढून ठेवतात, खालचा साका घाट्यासारखा शिजवतात, तो 65 अंशांवर आला की पाणी त्यात परत घालतात. नमुन्याच्या थेंबावर आयोडीन टाकून निळेकाळे झाले, तर स्टार्च अजून शिल्लक आहे. तो नमुना फेकून द्यावा. ज्वारीच्या दाण्याला सालपट नसल्याने गाळायला धुतलेला भाताचा तूस मिसळतात किंवा सरळ मलमलीची पिशवी वापरतात.

ज्वारीचा माल्ट घरी करताना एक गोष्ट कधीच टाळू नये. कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना किराळ, म्हणजे विषबाधा, लागते ती धुरिन या द्रव्यामुळे, आणि मोडातही ते असते. वाळल्यावर कोंब आणि मुळ्या चोळून, पाखडून पूर्ण काढाव्यात.

उकळलेला रस उघडा राहिला तर उन्हाळ्यात लवकर आंबतो. म्हणून तो झटपट गार करायला फ्रिज दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारी तांब्याची नळी पातेल्यात मावेल एवढे वेटोळे करून रसात बुडवतात आणि तिच्यातून पाणी सोडतात. एप्रिल-मेमध्ये नळाचे पाणीच कोमट येते, तेव्हा आणखी एक वेटोळे बर्फाच्या बादलीत ठेवून पाणी आधी त्यातून न्यावे लागते. वापरण्याआधी नळी चिंचेने घासून लख्ख करावी. हिरवा कळंक रसात उतरता कामा नये.