टिंबाटिंबाने भरत जाणारी चौकट

चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये रंगाची बादली एका जागी ओतली की अख्खा बंदिस्त भाग भरून निघतो. त्यामागच्या पद्धतीला फ्लड फिल म्हणतात. ती समजून घ्यायला चित्रही लागत नाही, अक्षरांची चौकट पुरते. # म्हणजे भिंत, टिंब म्हणजे मोकळी जागा.

. . #
. # .
# . .

वरच्या डाव्या टिंबापासून सुरुवात करू. भरण्याचं काम करणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅममधला नाव दिलेला एक तुकडा, आधी दोन गोष्टी बघतं: आपण चौकटीबाहेर तर नाही ना, आणि इथे टिंबच आहे ना? यातलं काही चुकलं तर तिथूनच माघारी. नाहीतर टिंबाच्या जागी 'र' लिहायचा आणि उजवा, डावा, खालचा, वरचा अशा चारही शेजाऱ्यांसाठी स्वतःलाच पुन्हा बोलवायचं. हेच रिकर्शन.

र र #
र # .
# . .

तीन घरं भरली. एकूण १३ वेळा फंक्शन चाललं, त्यातल्या १० वेळा ते आल्या पावली परतलं. खालची तीन टिंबं कोरडी राहिली, कारण तिरके शेजारी आपण धरलेच नाहीत. ते धरले असते तर रंग भिंतीच्या सांध्यातून झिरपला असता.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते 'र' आधी लिहिणं. शेजाऱ्यांना आधी विचारलं आणि खूण नंतर केली, तर दोन घरं एकमेकांना विचारतच बसतात. टिंबाच्या जागी टिंबच भरायला सांगितलं तरी तीच गत, म्हणून जुनं आणि नवं अक्षर सारखं नाही ना, हे सुरुवातीलाच तपासावं.

खरी अडचण येते ती मोठ्या चौकटीत. १०० बाय १०० ची पूर्ण मोकळी चौकट घ्या. वरच्या क्रमाने गेलं तर रंग पहिल्या ओळीत उजवीकडे, दुसरीत डावीकडे असा नागमोडी जातो आणि वाटेत एकदाही मागे फिरत नाही. म्हणजे १०,००० कॉल (फंक्शनला दिलेल्या हाका) एकात एक अडकून उभे! पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची नेहमीची मर्यादा साधारण १,००० कॉलची, त्यामुळे प्रोग्रॅम मध्येच कोसळतो.

अशा वेळी रिकर्शनऐवजी भरायच्या घरांची यादी मी स्वतःच ठेवते. यादीतलं शेवटचं घर आधी उचललं तर रंग आधीसारखाच एका वाटेने खोल शिरतो. सगळ्यात जुनं घर आधी उचललं, तर तो पाण्यावरच्या तरंगासारखा चहूबाजूंनी पसरतो, आणि कुठलं घर किती पावलांवर आहे तेही आपसूक कळतं.