‘किमान कौशल्य’ घेतलं म्हणजे पुढचं शिक्षण संपलं?

‘किमान कौशल्य’ म्हणजेच व्होकेशनल, अकरावी-बारावीत व्यवसाय शिकवणारा अभ्यासक्रम. दहावीचा निकाल लागला की नाशिकमध्ये हे हमखास ऐकू येतं: ‘व्होकेशनलला गेला, आता कॉलेज विसरा.’ हे साफ चुकीचं आहे, आणि यामुळे चांगली मुलं हकनाक खचतात.

व्होकेशनलची बारावीसुद्धा राज्य मंडळाचीच. परीक्षा तेच नाशिक विभागीय मंडळ घेतं. इंग्रजी आणि आणखी एक भाषा या वर्गालाही असतेच. बाकी वेळ व्यवसायाच्या विषयांना, त्यातला मोठा भाग प्रात्यक्षिकांचा. इलेक्ट्रिकलच्या वर्गात मुलं बोर्डावर स्वतः वायरिंग करतात, चुकलं की निदेशक सगळं सोडवून पुन्हा जोडायला लावतात. शिवाय प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी प्रशिक्षणही घ्यावं लागतं.

पुढे बीए, बीकॉम करता येतं. तांत्रिक गटाच्या मुलांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, ही गोष्ट पालकांना कुणी सांगतच नाही! मेडिकलला मात्र जाता येत नाही, कारण फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं.

बायफोकल हा अकरावी-बारावीतला आणखी एक पर्याय, पण तो वेगळा. तिथे मूल सायन्सलाच असतं. दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी २०० गुणांचा व्यवसाय विषय येतो. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स ठेवलं तर इंजिनिअरिंगची वाट मोकळीच राहते.