बाळाची ऊब हातापायांवरून कळत नाही

रात्री दोनच्या सुमाराला बाळ चुळबुळायला लागतं. पाय झाडतं, तोंड वेडंवाकडं करतं, कण्हल्यासारखे आवाज काढतं. अंधारात आपला हात आधी जातो तो त्याच्या तळव्यांवर. तळवे गार लागतात आणि लगेच आणखी एक दुपटं अंगावर चढतं. यातली काळजी शंभर टक्के खरी असते, निदान मात्र बहुतेक वेळा चुकतं. पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाचे हातपाय गार असले म्हणून त्याला थंडी वाजतेय असं होत नाही.

जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाळाचं रक्ताभिसरण अजून बसायचं असतं. शरीर मेंदू, हृदय, यकृत यांना आधी रक्त पुरवतं आणि हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या सहज आकसतात. म्हणून तळवे गार लागतात, कधी किंचित निळसरही दिसतात. (ओठ किंवा जीभ निळी दिसली तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा तडक डॉक्टरांकडे जायला हवं.) बाळाच्या अंगात ऊब किती आहे हे बघायचं तर दोन बोटं मानेच्या मागच्या बाजूला, कपड्याच्या आत सरकवावीत, नाहीतर तळहात छातीवर ठेवावा. तिथली कातडी ऊबदार आणि कोरडी असेल तर बाळ ठीक आहे. गार लागली तर एक थर वाढवा. घामेजलेली, चिकट लागली तर एक थर उतरवा. हा उतरवण्याचा भाग आपल्याला जड जातो, म्हणूनच त्यामागचं विज्ञान जरा सविस्तर समजून घ्यायला हवं.

वाटीतलं पाणी मोठ्या पातेल्यातल्या पाण्यापेक्षा लवकर निवतं. बाळाचंही तसंच आहे. सत्तर किलोच्या माणसाच्या त्वचेचं क्षेत्रफळ साधारण 1.8 चौरस मीटर, तर साडेतीन किलोच्या बाळाचं साधारण 0.22 चौरस मीटर. वजनाच्या दर किलोमागे हिशेब केला तर बाळाकडे मोठ्या माणसाच्या जवळजवळ अडीच पट त्वचा भरते, आणि उष्णता बाहेर जाते ती त्वचेतूनच. त्यात त्वचेखालचा चरबीचा थर पातळ, आणि डोकं मोठं. मोठ्या माणसाचं डोकं आणि मान मिळून शरीराच्या पृष्ठभागाचा दहावा भागही होत नाहीत, नवजात बाळाचं डोकं मात्र सुमारे पाचवा भाग व्यापतं. याचा एकत्र परिणाम असा की उघड्या अंगाच्या मोठ्या माणसाला 28 अंश सेल्सिअसच्या आसपासची हवा सुखाची वाटते, तर उघड्या नवजात बाळाला तेवढाच आराम मिळायला 32 ते 34 अंश लागतात. त्याहून गार हवेत त्याच्या शरीराला उष्णता तयार करण्यासाठी जादा काम करावं लागतं.

सगळ्यात मोठी परीक्षा होते ती जन्माच्या क्षणी. ओलं अंग, आणि पोटातल्या 37 अंशांवरून एकदम खोलीतली हवा. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते जवळपास 580 कॅलरी उष्णता घेऊन जातं (या कॅलरी भौतिकशास्त्रातल्या, आहारातल्या नव्हेत). तसंच ओलं ठेवलं तर बाळाच्या शरीराच्या आतलं तापमान दर मिनिटाला 0.1 अंशाने उतरू शकतं. म्हणूनच जन्मलेल्या बाळाला आधी पुसून कोरडं करतात, आईच्या उघड्या छातीवर ठेवतात आणि पहिली आंघोळ निदान 24 तास लांबवावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो, म्हणजे स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करतो. नवजात बाळाला ते फारसं जमत नाही. त्याच्याकडे दुसरी सोय असते: तपकिरी मेद. ही चरबी पाठीवर दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, मानेभोवती आणि मूत्रपिंडांच्या आसपास साठलेली असते. ओळखीची पांढरी चरबी इंधनाचा साठा करते, तर तपकिरी चरबी इंधन जाळते. तिचा रंग येतो तो तिच्या पेशींमध्ये खच्चून भरलेल्या, लोहयुक्त मायटोकाँड्रियांमुळे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या बारीक घटकांमुळे. एरवी मायटोकाँड्रिया अन्नातली ऊर्जा वापरून आपल्या पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन (धनभारित सूक्ष्म कण) जमवतात. ते प्रोटॉन ठरलेल्या मार्गाने परत येताना एटीपी हे पेशीचं इंधन बनतं. तपकिरी चरबीतल्या पडद्यात थर्मोजेनिन नावाचं एक प्रथिन असतं. ते प्रोटॉनना परतायला दुसरी वाट काढून देतं. त्या वाटेवर एटीपी बनत नाही, सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. त्वचेला गारवा जाणवला की मेंदूकडून चेतातंतूंवाटे संदेश जातो, संदेशवाहक रसायन नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि बाळाच्या पाठीतली ही चरबी पेटते. बाळ जागचं हलतही नाही, पण आत हे सगळं चालू असतं.

या चरबीचं पहिलं वर्णन स्विस निसर्गअभ्यासक कॉनराड गेसनर यांनी 1551 साली केलं, तेही हिवाळाभर झोपणाऱ्या मार्मोट या प्राण्याच्या शरीरात. माणसात ती फक्त तान्ह्या बाळांनाच असते असं फार काळ मानलं जात होतं. 2009 साली एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांनी दाखवलं की मोठ्या माणसांतही ती थोडीफार शिल्लक असते आणि थंडीत जागी होते.

या सोयीची किंमत मात्र बाळाला मोजावी लागते. उष्णता तयार करायला ऑक्सिजन लागतो, साखर लागते. बराच वेळ गारठलेल्या नवजात बाळाच्या रक्तातली साखर उतरते, ते मरगळतं, नीट दूध ओढत नाही, आणि दूध पोटात नाही म्हणून आणखी गारठतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तर तपकिरी मेदच पुरेसा जमलेला नसतो. पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ स्टेफान टार्निए यांनी प्राणिसंग्रहालयात अंडी उबवण्याची पेटी पाहिली आणि तशीच पेटी बाळांसाठी बनवून घेतली. 1880 च्या सुमारास ती त्यांच्या रुग्णालयात आली. दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण तिथे 66 टक्क्यांवरून 38 टक्क्यांवर आल्याची नोंद आहे. पुढे 1958 साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पेटीतलं तापमान सुमारे 29 ऐवजी 32 अंश ठेवलं तर अकाली जन्मलेली बाळं लक्षणीय प्रमाणात जास्त जगतात. फरक फक्त तीन अंशांचा!

मग आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि मला ती या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची वाटते. कोलंबियात बोगोटाच्या एका रुग्णालयात पेट्या अपुऱ्या पडत होत्या. 1978 साली एडगर रे या बालरोगतज्ज्ञांनी लहानग्या बाळांना दिवसरात्र आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवायला सुरुवात केली. हीच आजची कांगारू पद्धत. 2021 साली घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या रुग्णालयांमधल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 1 ते 1.8 किलो वजनाच्या बाळांना प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच अशी ऊब दिली, तर पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू सुमारे पाव हिश्शाने घटतात, असं त्यात दिसलं. वडिलांच्या छातीशीही बाळ तितकंच उबदार राहतं.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की मग भरपूर गुंडाळलेलंच बरं. पण वरची गोष्ट नवजात, ओल्या, कमी वजनाच्या बाळांची आहे. एका-दोन महिन्यांचं, वजन छान वाढणारं बाळ कपडे घालून घरात झोपतं तेव्हा हिशेब फिरतो. त्याचं शरीर आता बरीच उष्णता तयार करतं, पण ती बाहेर टाकण्याचे मार्ग थोडे आहेत. घाम यायला बाळ मोठ्या माणसाइतकं सरावलेलं नसतं. पांघरूण लाथाडता येतं असं म्हणावं तर तेही वय अजून आलेलं नाही. अंग कपड्यांत बंद असताना उष्णता जायची मुख्य जागा उरते ती डोकं आणि चेहरा. तिथेही टोपडं बांधलं, किंवा पांघरूण नाकावर आलं, की तोही मार्ग बंद होतो.

हे किती गंभीर असू शकतं ते इंग्लंडच्या ब्रिस्टलमधल्या पीटर फ्लेमिंग यांच्या गटाने 1990 साली दाखवलं. झोपेत अचानक दगावलेल्या बाळांची त्यांनी त्याच वयाच्या इतर बाळांशी तुलना केली. दगावलेली बाळं जास्त प्रमाणात पालथी झोपवलेली होती, त्यांच्या अंगावर कपडे आणि पांघरुणं जास्त होती आणि खोली तापवण्याची यंत्रणा रात्रभर चालू राहिलेली असण्याचं प्रमाणही जास्त होतं. पालथ्या झोपलेल्या बाळाचा चेहरा गादीत असतो, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी सर्वांत मोठी उघडी जागाच झाकली जाते. 1990 च्या दशकात अनेक देशांनी बाळाला उताणं झोपवण्याच्या मोहिमा काढल्या आणि अशा मृत्यूंचं प्रमाण कित्येक ठिकाणी निम्म्याहून खाली आलं. बालवैद्यकातल्या इतक्या साध्या आणि इतक्या परिणामकारक सल्ल्याची उदाहरणं फार थोडी सापडतील.

म्हणून रात्रीच्या कपड्यांचा नियम सोपा ठेवावा: त्याच खोलीत आपल्याला जितके थर पुरतात, त्याहून फार तर एक थर जास्त. सुटं पांघरूण, उशी, मऊ खेळणी बाळाच्या झोपण्याच्या जागेत नकोत. बाळाच्या मापाची, हात बाहेर राहतील अशी झोपेची पिशवी पांघरुणापेक्षा चांगली, कारण ती तोंडावर सरकत नाही. घरात झोपताना टोपडं काढावं. दुपट्यात गुंडाळायचंच असेल तर पातळ कापडात, पाय गुडघ्यांत दुमडता येतील इतकं सैल, आणि उताणंच. बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं की गुंडाळणं बंद. गरम पाण्याची पिशवी अंथरुणात ठेवू नये, तान्ह्या त्वचेला भाजायला फार वेळ लागत नाही. बंद खोलीत कोळसा किंवा लाकूड जाळून ऊब आणणं तर जिवावरचं आहे, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

खोलीबद्दल एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. हवा पुरेशी ऊबदार असली तरी पाळणा थंड काचेच्या खिडकीला किंवा गार भिंतीला लागून असेल तर बाळाच्या अंगातली उष्णता प्रारणाने, म्हणजे उन्हाची ऊब येते तशी किरणांवाटे, थेट त्या गार पृष्ठभागाकडे जाते. मधली हवा कितीही उबदार असो, त्याने हे थांबत नाही. अशा वेळी हीटर वाढवण्याऐवजी पाळणा हातभर आत सरकवला तरी काम होतं.

आता त्या चुळबुळीकडे येऊ. शिकागो विद्यापीठातले यूजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी 1953 साली झोपेतल्या डोळ्यांच्या जलद हालचालींचा शोध जाहीर केला. 1955 साली त्यांनीच लिहिलं की झोपलेल्या बाळांमध्ये शांततेचे आणि हालचालीचे टप्पे साधारण तासाभराच्या चक्रात आलटूनपालटून येतात. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप ही अशी चंचल झोप असते. त्यात ते हात फेकतं, हसतं, भुवया चढवतं, कण्हतं, श्वास अनियमित होतो, क्षणभर डोळेही किलकिले होतात. हे सगळं झोपेतच. या वेळी कपडे वाढवायला किंवा उचलायला गेलो तर झोपलेलं बाळ आपणच जागं करतो. एक-दोन मिनिटं नुसतं पाहत राहिलं तर पुष्कळदा ते पुढच्या शांत टप्प्यात आपसूक जातं.

गार पाय आणि झोप यांचंही नातं आहे, पण आपण समजतो तसं नाही. झोप येताना हातापायांच्या रक्तवाहिन्या सैलावतात, तळवे ऊबदार होतात आणि त्यांवाटे शरीर आपली आतली उष्णता बाहेर सोडतं. 1999 साली स्विस संशोधकांनी मोठ्या माणसांत दाखवलं की पाय जितके उबदार, तितकी झोप लवकर लागते. तळव्यांचं तापमान झोप-जागेपणीच्या या खेळासोबत वरखाली होत राहतं, म्हणून त्यावरून आतल्या ऊबेचा अंदाज बांधू नये. आतलं तापमानही रात्रभर एकसारखं नसतं. साधारण तीन-चार महिन्यांच्या वयात बाळाच्या शरीराची रात्रीची लय बसू लागते आणि झोपल्यावर काही तासांत त्याचं तापमान, मोठ्या माणसासारखंच, थोडं उतरतं. हा वाढीचा भाग आहे.

आणि खरोखर रडणारं बाळ? जपानमधल्या कुमी कुरोदा यांच्या गटाने 2022 साली 21 बाळांच्या हृदयाचे ठोके मोजत हा प्रश्न तपासला. रडणाऱ्या बाळाला घेऊन न थांबता पाच मिनिटं सरळ चालत राहिलं तर रडं थांबत होतं आणि जवळपास निम्मी बाळं झोपत होती. खाली ठेवताना मात्र अनेक जागी होत. आपण दोष देतो गार गादीला. नोंदी वेगळंच सांगत होत्या: ठोके वाढायला सुरुवात व्हायची ती अंग गादीला टेकण्याआधी, आईच्या शरीरापासून सुटू लागताच. बाळ झोपल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटं मांडीवर घेऊन बसलं तर झोप गाढ होते आणि ठेवल्यावर ते जागं होण्याची शक्यता कमी होते. रात्री तीन वाजता ती आठ मिनिटं फार लांब वाटतात, पण पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्यापेक्षा ती परवडतात.

ओलं लंगोट, भूक, अडकलेला ढेकर, चोंदलेलं नाक ही कारणं अर्थातच आधी बघायची. शंका राहिलीच तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा काखेत थर्मामीटर लावावा. नवजात बाळासाठी 36.5 ते 37.5 अंश हे ठीक. त्याहून कमी भरलं तर बाळाला उघड्या छातीशी घेऊन वरून पांघरूण घ्यावं आणि जागं राहून तासाभराने पुन्हा मोजावं. तरी चढलं नाही, किंवा बाळ मरगळलेलं आहे, दूध ओढत नाही, तर डॉक्टरांना गाठावं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचं तापमान 38 किंवा त्याहून जास्त भरलं तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.