फ्लेमेंको गिटारची मैफल: साथीदाराच्या खुर्चीपासून एकल वादनापर्यंत

मंचावर एकटा गिटारवादक आणि समोर निःशब्द सभागृह, हे फ्लेमेंकोच्या, म्हणजे दक्षिण स्पेनमधील गाणे, नृत्य आणि गिटार यांच्या परंपरेच्या, मैफलीचे आजचे रूढ चित्र फार जुने नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेव्हिल आणि दक्षिण स्पेनच्या आंदालुसिया प्रांतातील इतर शहरांत गाण्याचे कॅफे चालत, तेथे गिटारवादक गायकाला आणि नर्तकांना साथ करी. गाण्याच्या ओळींमध्ये वाजणारी 'फाल्सेता' ही छोटी स्वररचना, एवढीच त्याची स्वतःची जागा होती. वाद्यही त्याच कामासाठी घडत गेले: सायप्रस वृक्षाच्या पातळ लाकडामुळे स्वर चटकन उमटतो आणि चटकन विरतो, नर्तकांच्या टाचांच्या आवाजातूनही तो स्पष्ट ऐकू येतो, आणि बोटाच्या ठोक्यांनी लाकूड खराब होऊ नये म्हणून दर्शनी बाजूवर एक पट्टी चिकटवलेली असते.

1936 मध्ये माद्रिदच्या एका ज्येष्ठ वादकाने पॅरिसमध्ये एकल वादन ध्वनिमुद्रित केले. त्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि पाम्प्लोनाचा दुसरा श्रेष्ठ वादक देश सोडून अमेरिका खंडात गेला. परिणामी एकल फ्लेमेंको गिटारला परदेशातील सभागृहांत मान मिळाला, तो मायदेशापेक्षा आधी.

मायदेशातील वळण म्हणून 18 फेब्रुवारी 1975 ची माद्रिदच्या तेआत्रो रेआलमधील मैफल सांगितली जाते. ती आल्हेसिरासच्या सत्तावीस वर्षांच्या वादकाची होती, आणि त्याची एक रुम्बा (फ्लेमेंकोतील एक रचनाप्रकार) तोवर देशभर गाजली होती. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या त्या मंचावर फ्लेमेंको गिटार पोहोचणे ही मोठीच गोष्ट होती. मात्र सभागृहाबरोबर सभागृहाची शिस्तही आली, आणि दाद कशी द्यावी हा प्रश्न आजही सुटलेला नाही. घोळ 'हालेओ' या शब्दापासूनच सुरू होतो. बोलीत त्याचा अर्थ गोंगाट. फ्लेमेंकोत मात्र वादकाला बळ देणारे, नेमक्या जागी पडणारे 'ओले'सारखे उद्गार. टाळ्यांची, म्हणजे 'पाल्मास'ची, गोष्ट त्याहून नाजूक आहे, कारण ती दाद नसून साथ आहे: सोलेआ या फ्लेमेंको प्रकाराच्या बारा मात्रांत तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर आघात येतात, आणि हे न जाणता श्रोत्यांनी ताल धरला तर वादकाच्या हाताखालची लय डळमळते. म्हणून टाळी रचना संपल्यावरच द्यावी, हे योग्यच. पण उद्गारही गिळून टाकण्याचा आग्रह या संगीतावर अन्याय करणारा आहे, कारण फाल्सेता आटोपताना वादक जो ठाम शेवट करतो, तो दादेची वाट पाहतच केलेला असतो.

पुढे 1970 च्या दशकाच्या अखेरीस पेरूमधून 'काहोन' ही लाकडी पेटी आली आणि तालवाद्य म्हणून कायमची रुळली. बास गिटार आणि बासरीही आल्या. 2010 मध्ये फ्लेमेंकोचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या जागतिक यादीत झाला. अनेक मैफलींत आता सुरुवातीच्या एकल रचनांनंतर काहोन, पाल्मास आणि गायक मंचावर येतात, आणि गिटार पुन्हा गाण्याला साथ करू लागते.