प्राचीन लॅटिन मौखिक काव्य

लेखी साहित्य रुजण्यापूर्वी रोम व भोवतालच्या लाटियम प्रदेशात म्हटली जाणारी गीते, स्तोत्रे आणि मंत्र. या साऱ्यांना लॅटिनमध्ये ‘कार्मेन’ म्हणत. कवी लिव्हियुस आंद्रोनिकुसने इ. स. पू. २४० मध्ये रोममध्ये नाटक सादर केले, तिथपासून लॅटिन साहित्याचा आरंभ मानतात. त्याआधीचे काव्य बहुतेक लुप्त झाले.

जे उरले, त्यातले सर्वांत मोलाचे म्हणजे आर्व्हाल पुरोहितांचे, म्हणजे शेतांच्या सुफलतेसाठी विधी करणाऱ्या रोमन पुरोहितांचे, स्तोत्र. इ. स. २१८ च्या शिलालेखात ते कोरलेले आहे. हा शिलालेख रोममध्ये १७७८ साली सापडला. शिळा उशिराची, पण भाषा फार जुनी. गृहदेवतांना त्यात ‘लारेस’ नव्हे, ‘लासेस’ म्हणून साद घातली आहे. दोन स्वरांमधल्या ‘स’चा ‘र’ होण्याची क्रिया लॅटिनमध्ये इ. स. पू. चौथ्या शतकातच पुरी झाली होती. म्हणजे हे शब्द त्याहून आधीचे. पाच ओळी प्रत्येकी तीनदा आणि अखेरचा ‘त्रिउंपे’ हा घोष पाचदा येतो. पुरोहित पोथी हाती घेऊन, ठेक्यावर पावले टाकत ते म्हणत. अर्थ विसरला तरी उच्चार जपला गेला, हे विलक्षणच. सालिई, म्हणजे युद्धदेव मार्सच्या नर्तक पुरोहितांचे स्तोत्र तर खुद्द पुरोहितांनाही नीट कळत नसे, असे रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंतिलियान सांगतो.

मेजवानीत पाहुणे पाव्याच्या साथीवर पूर्वजांचे पराक्रम गात, असे रोमन मुत्सद्दी व लेखक कातोने (इ. स. पू. २३४–१४९) लिहिले होते. ती गीते उरली नाहीत, याची रोमन वक्ता सिसेरोला खंत होती. जर्मन इतिहासकार नीबुरने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, रोमच्या आद्य दंतकथा अशाच पोवाड्यांतून आल्या असे मांडले. भारतातल्या शिक्षणविषयक टिपणामुळे आपल्या परिचयाच्या मॅकॉलेने त्या कल्पनेवर १८४२ मध्ये इंग्रजी वीरगीते रचली. मात्र कातोच्याही मते ही प्रथा त्याच्या कित्येक पिढ्या आधीची, आणि गीतांची एक ओळही हाती नाही. प्रथा खरी मानावी. दंतकथांचा उगम त्यातून सिद्ध होत नाही.

या परंपरेचा छंद सातुर्नियन. लिव्हियुस व नेव्हियुस या आद्य लॅटिन कवींनी तो लेखी काव्यात वापरला. शिपिओ या रोमन उमराव घराण्याच्या काही समाधिलेखांतही तो दिसतो. त्यांच्यानंतरचा कवी एन्नियुस याने मात्र त्याला पूर्वी वनदेव आणि भविष्यवेत्ते गात तो छंद म्हणून हिणवले आणि ग्रीक षट्पदी (सहा गणांच्या ओळीचा, हेक्सामीटर) छंद आणला. सातुर्नियनची ओळ मध्ये यतीने दुभंगते, इतके स्पष्ट आहे. तो मात्रांवर चालतो की आघातांवर, हा वाद अजून मिटलेला नाही.